समुपदेशक व्हायचंय, पण गावात सगळेच ओळखीचे

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४१. बी.ए. इतिहास घेऊन केलं, मग बी.एड. काही वर्षं विनाअनुदानित शाळेत शिकवलं. आता घरच्या पडवीत आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. मुलं अभ्यासापेक्षा बाकीचंच माझ्याशी जास्त बोलतात. कुणाचे बाबा मुंबईला, कुणाचे बोटीवर, कुणाच्या घरात रोजची भांडणं. मला वाटतं, हेच काम रीतसर शिकावं. मोबाईलवर सहा आठवड्यांच्या ‘किशोरवयीन व पालक समुपदेशक’ कोर्सची जाहिरात येते. घरबसल्या प्रमाणपत्र मिळतं म्हणे. करू का? यजमान म्हणतात, नुसतं बोलायला पैसे देऊन इथे कोण येणार? शिवाय माझा स्वतःचा सतरा वर्षांचा मुलगा माझ्याशी धड चार वाक्यं बोलत नाही. मग मी दुसऱ्यांच्या मुलांना काय सांगणार?

आणखी एक. दहावीतल्या एका मुलीच्या हातावर मी व्रण पाहिले. तिने स्वतःच केलेत. आईला सांगणार नाही, अशी रवळनाथाची शपथ तिने मला घ्यायला लावली. मी घेतली. तेव्हापासून झोप नाही.

उत्तर

तुम्ही कोर्सचं विचारलंय, पण मी तुमच्या शेवटच्या चार ओळींपासून सुरुवात करते. कोर्स पुढच्या वर्षीही करता येईल.

हे उत्तर वाचाल त्याच दिवशी त्या मुलीला थांबवून घ्या. शिकवणी सुटल्यावर, बाकीची मुलं पांगल्यावर. आणि तिला सरळ विचारा, “जीव नकोसा होतो का गं? मरून जावं असं मनात येतं का?” असं विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल, ही भीती जवळपास प्रत्येकाला वाटते. तसं होत नाही. उलट, आपल्या मनातलं कुणीतरी मोठ्या माणसाने तोंडाने उच्चारलं, घाबरलं नाही, ओरडलं नाही, याचाच पुष्कळ मुलांना आधार होतो. स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येक मुलाला मरायचंच असतं असं नाही. आतलं काहीतरी सहन होत नाही आणि ते बाहेर काढायचा दुसरा रस्ता माहीत नसतो, असंही असतं. पण अशा मुलांना पुढे धोका जास्त असतो, म्हणून अंदाजावर सोडू नका.

ती “हो” म्हणाली, किंवा नुसती गप्प राहिली, तर तिला एकटीला घरी पाठवू नका. त्याच संध्याकाळी घरातलं एक मोठं माणूस यात यायला हवं. आणि घरच्यांना पहिली गोष्ट सांगायची ती फवारणीच्या औषधांची. देवगडात घरटी कलमं. औषधं पडवीच्या कोपऱ्यात किंवा बागेतल्या खोपीत उघडी पडलेली असतात. ती आजच कुलपात जाऊ देत आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला राहू दे. आजी-आजोबांच्या गोळ्यांचंही तेच. ऐकायला किरकोळ वाटेल, पण जीव वाचवणाऱ्या उपायांत याची गणना फार वर होते. तो टोकाचा विचार बऱ्याचदा थोडाच वेळ जोर धरतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं.

आता शपथेचं. देवाची शपथ मोडायची म्हणजे तुमच्या जिवाला किती लागत असेल, हे मला कळतं. पण ती तिच्या पाठीमागे मोडू नका. तिच्यासमोर, तिला सांगून मोडा. असं काहीतरी म्हणा: “तुझ्यावरच्या मायेपोटी मी शपथ घेतली. पण तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर हे मी एकटी सांभाळू शकत नाही. आईला सांगावं लागेलच. कसं, ते तू ठरव. मी सांगू? तू सांगतेस आणि मी शेजारी बसू? की आधी मावशीला बोलावू?” सांगायचं की नाही हे तिच्या हातात नाही, पण कसं आणि कुणाच्या तोंडून हे तिच्या हातात राहू द्या. तिचा तुमच्यावरचा विश्वास टिकायचा असेल तर तो यानेच टिकेल.

एक अपवाद आहे आणि तो नीट लक्षात ठेवा. या व्रणांमागे घरातल्याच किंवा ओळखीतल्या कुणाचा त्रास आहे असं तिच्या बोलण्यातून जाणवलं, तर त्या माणसापर्यंत बातमी जाईल अशा दाराने जायचं नाही. लैंगिक अत्याचाराचा प्रश्न असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तुम्ही समुपदेशक असा, शिक्षिका असा की शेजारीण. लपवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ चोवीस तास चालते.

बाकी मदतीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि “माझ्या एका विद्यार्थिनीचं असं असं झालंय, मी काय करू” हे विचारायला तुम्ही स्वतःही फोन करू शकता. प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवायला ओरोसचं जिल्हा रुग्णालय आहे. पुढे लागलंच तर रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. त्या नावाला लोक बिचकतात, पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे. दाखवून, औषध घेऊन घरी येता येतं. ‘पोलीस केस होईल’ म्हणून कुणी अडवलं तर त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. त्याच्यावर खटला भरायचा नसतो, त्याला उपचार द्यायचे असतात.

इथूनच तुमच्या कोर्सकडे येते, कारण तुमची झोप ज्याने उडवली तोच या शिक्षणाचा पहिला धडा आहे. शिकलेला समुपदेशक गुपिताची हद्द पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. “तू इथे बोललेलं माझ्याजवळ राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा तुला कुणी इजा करत असेल, तर मला मदत बोलवावी लागेल. आणि बोलवण्याआधी मी तुला सांगेन.” वाक्यं एवढीच. पण समोर रडवेलं पोर बसलेलं असताना ती न अडखळता, न घाबरवता तोंडातून यावी लागतात, आणि त्यासाठी ती कुणासमोर तरी पुन्हा पुन्हा म्हणावी लागतात. व्हिडिओ बघून हे येत नाही. म्हणून जाहिरातीतला सहा आठवड्यांचा कोर्स मला तुमच्यासाठी नको वाटतो. प्रमाणपत्र मिळेल, भिंतीवर लागेल, आणि लोक त्या भिंतीवर विश्वास ठेवून आपलं पोर तुमच्या हाती देतील. तुमचं बोलणं एकदाही कुणी ऐकलेलं नसेल.

ज्या कोर्समध्ये तुम्ही मुलाशी काय बोललात हे एखादी अनुभवी व्यक्ती ऐकते आणि तुम्हाला दुरुस्त करते, तोच कोर्स निवडा. चौकशीच्या पहिल्या फोनला हाच प्रश्न विचारा. किती केसेस प्रत्यक्ष हाताळायला मिळतील आणि त्यावर देखरेख कोण करणार? उत्तर गुळमुळीत आलं तर फोन ठेवा.

या देखरेखीत काय होतं, ते थोडं जवळून दाखवते. शिकणाऱ्याने भेटीनंतर सगळं संभाषण शब्दशः लिहून काढायचं असतं. समजा, नववीतला मुलगा म्हणाला, “बाई, अभ्यास करतंय, पण डोक्यात काय रवणा नाय.” म्हणजे डोक्यात काही राहत नाही. शिक्षिकेच्या तोंडून काय येईल? “पहाटे उठून वाच, मोबाईल बाजूला ठेव.” हेतू चांगला. पण मुलगा “हो बाई” म्हणतो आणि तिथे दार बंद होतं. देखरेख करणारी व्यक्ती त्या ओळीवर बोट ठेवते आणि विचारते, इथे सल्ला द्यायची घाई का झाली? त्याच्या शब्दांतला कुठला शब्द तुम्ही उचलला नाहीत? पुढच्या वेळी तुम्ही विचारता, “कधीपासून रवणा नाय?” आणि थांबता. थांबणं फार जड जातं, शिकवणाऱ्यांना तर विशेष. मग तो म्हणतो, “बाबा मुंबैक गेल्यापासून.” आता खरी गोष्ट सुरू झाली. इथेही “बाबांची आठवण येते होय?” असं म्हणून त्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. बाबा गेले म्हणून त्याला हायसंही वाटत असेल. कदाचित बाबा घरी असताना मार पडत असेल आणि आता रात्री आईचं रडणं ऐकू येत असेल. तुम्हाला माहीत नाही. माहीत नसताना न घाबरता बसून राहायचं, हे शिकायला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि ती लागू द्यावीत.

आता नावानिशी पर्याय. तुम्हाला घर सोडून दोन वर्षं मुंबईत राहता येणार नाही असं धरते, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं पूर्णवेळ एम.ए. बाजूला राहिलं. इग्नू या दूरशिक्षण विद्यापीठाचं मानसशास्त्राचं एम.ए. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला करता येत असे, पण २०२५ पासून मानसशास्त्राच्या दूरशिक्षणाचे नवे प्रवेश बंद झाले.  इग्नूमध्येच समुपदेशन व कुटुंबोपचार असा वेगळा अभ्यासक्रम आहे. तुमच्या मनातल्या कामाला तो जास्त जवळचा, मात्र त्याचे प्रवेश सध्या चालू आहेत का ते आधी विचारा; त्याच्या अटीही वेगळ्या आहेत, माहितीपत्रक नीट वाचा. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि तिथे तुमचं बी.एड. कामी येईल. आधी घरून अभ्यास, मग तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, मग तीन महिने इंटर्नशिप. आपल्याकडच्यांची प्रादेशिक संस्था भोपाळला आहे, म्हणजे तीन महिने तिकडे राहायची तयारी हवी. मला विचाराल तर हा पदविका अभ्यासक्रम धरा आणि इंटर्नशिप मात्र सोयीची म्हणून जवळच्या शाळेत उरकू नका. ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम मराठीत करते आहे, तिथे किंवा तशा ठिकाणी चौकशी करा. कणकवलीहून रात्री गाडीत बसलात तर सकाळी ठाण्यात उतरता. कि. मो. फडक्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसाच्या भाषेत आणली, तेही वाचा. पुस्तकं इंग्रजीत वाचलीत तरी काम तुम्हाला मराठीत आणि मालवणीत करायचंय.

एक हद्द सुरुवातीलाच आखून घ्या. कोर्स झाला तरी तुम्ही आजाराचं निदान करायचं नाही, औषधाबद्दल बोलायचं नाही. ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आजवर समुपदेशकाची पाटी कुणीही लावत आलंय, पण २०२१ च्या केंद्रीय कायद्याने समुपदेशकांनाही आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतलं आहे. मान्य पदवीचं मोल पुढे वाढतच जाणार.

गावात सगळे ओळखीचे असणं ही तुमची सगळ्यात मोठी अडचण ठरेल, कोर्सपेक्षाही मोठी. शहरातल्या समुपदेशकाला मूल आठवड्यातून एकदा भेटतं. तुम्हाला ते शिकवणीत, एसटीच्या थांब्यावर, जत्रेत, भजनात, त्याच्या बहिणीच्या साखरपुड्यात भेटणार. म्हणून काही पथ्यं. आपल्या शिकवणीतल्या मुलांचं समुपदेशन आपण करायचं नाही, भावकीतल्यांचंही नाही. त्यांचं ऐका, माया करा आणि दुसऱ्याकडे पाठवा. बसायची जागा घरची पडवी नको. तिथे कोण आलं, किती वेळ बसलं आणि जाताना डोळे कसे होते, हे संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. चार गावं सोडून एखाद्या हायस्कुलात आठवड्यातून एक दुपार मागून घ्या. वाचनालयाशेजारची खोली चालेल, जिथे मूल गेलं तर कुणी भुवई उंचावणार नाही. आणि प्रत्येक मुलाशी आधीच ठरवा की बाहेर भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तू हाक मारलीस तर हसेन. बाजारात त्याच्या आईने “काय म्हणता, आमचो झील (मुलगा) काय बोललो?” असं विचारलं तर काय म्हणायचं, तेही घरी म्हणून बघा.

वय वर्षं अठराखालच्या मुलाबरोबर काम म्हणजे पालकांची संमती आलीच, आणि मुळात काम बरंचसं घराबरोबरच असतं. “ह्याका जरा सरळ करून द्या” म्हणत मुलाला तुमच्यासमोर आणून बसवतील. तेव्हा कागदावर घराचा नकाशा काढायला शिका. जीनोग्राम म्हणतात त्याला. तीन पिढ्या, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, भांडणाला नागमोडी रेघ. आपल्याकडे त्यात आणखी एक खूण हवी, मुंबईत कोण आणि गावात कोण याची. कागद भरत आला की दिसतं, मुलाच्या शिक्षणाचा निर्णय परळच्या काकांचा, पैसे त्यांचे, रोजची जेवणं आजीची, बोलणी खायची आईने, आणि सगळ्यांच्या मधोमध दहावीचं पोर. त्याच्या ‘उद्धटपणा’चा मग वेगळाच अर्थ लागतो.

दहावीचं आपल्याकडे विशेष ओझं आहे. निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. अभिमान वाटतोच. पण जिथे शंभरातले नव्याण्णव पास होतात तिथे राहिलेल्या एकाला तोंड लपवायला जागा नसते. निकालाच्या आठवड्यात त्या एकाच्या घरी आपणहून कुणीतरी जायला हवं, पुरवणी परीक्षेचा फॉर्म हातात घेऊन. तुम्ही समुपदेशक झालात नाहीत तरी हे करू शकता. मानसिक आजारांपैकी एक तृतीयांशांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षाआधी झालेली असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे तुमच्या आठवीच्या बाकावर.

देवाचं म्हणाल तर, घरचे आधी गाऱ्हाणं घालतील, कौल लावतील. लावू देत. त्यावर हसायचं नाही, वाद घालायचा नाही. गाऱ्हाण्याने आईला धीर येत असेल तर तो मुलाच्या उपयोगाचाच आहे. पण ‘बाहेरचं’ म्हणून पोराला मारहाण होत असेल, उपाशी ठेवत असतील, चालू औषध बंद करत असतील, तर तिथे गप्प बसायचं नाही. अघोरी उपायांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा कायदा आहे.

तुमच्या मुलाबद्दल. सतरा वर्षांचा मुलगा आईशी चार वाक्यं बोलत नाही, यावरून तुम्ही या कामाला नालायक ठरत नाही. मात्र ती सल मनात ठेवून बसलात तर प्रत्येक अबोल मुलात तुम्हाला तोच दिसेल, आणि तुम्ही त्या मुलाला नको इतकं जवळ ओढाल किंवा त्याच्या आईवर मनातल्या मनात चिडाल. म्हणून शिकताना स्वतः कुणाकडे तरी जाऊन बसा, आपल्या मनातलं बोला. चांगले अभ्यासक्रम याचा आग्रह धरतात. आणि कोर्समध्ये शिकलेलं मुलावर चालवून बघू नका. त्याला घरात समुपदेशक नको, आई हवी. तो ताटावर बसला असताना शेजारी बसा आणि काही विचारू नका, सध्या एवढंच.

यजमानांचा पैशाचा प्रश्न रास्त आहे. पहिली काही वर्षं यावर घर चालणार नाही, शिकवण्या सोडू नका. शाळा-कॉलेजं मानधन देतात, ते थोडंच असतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयोगटासाठी मैत्री क्लिनिक चालतात, तिथे समुपदेशकाच्या जागा करारावर निघतात. लागणारी पात्रता हातात आली की त्या जाहिरातींवर नजर ठेवा. गावात फी घ्यायची तर थोडी घ्या, पण घ्या. फुकटच्या भेटीला लोक येतात तसे चुकवतातही.

राहता राहिले वडील. आईला बोलावलं की ती येते, बाप येत नाहीत. कामाची आखणीच त्यांच्या वेळेने करा. खलाशी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना घरी असतात. जाळी विणत बसलेल्या बापाशी तिथेच शेजारी बसून बोलता येतं, खोलीत बोलवायची गरज नाही. बागायतदाराला मार्च ते मेपर्यंत विचारूच नका. चाकरमानी चतुर्थीला आणि शिमग्याला येतात, पण सणाच्या दिवशी नाही, विसर्जनानंतर परतीच्या गाडीआधी एखादा दिवस मोकळा असतो, तो महिनाभर आधी फोन करून मागून ठेवा. आणि पहिल्या भेटीत मुलाची एकही तक्रार त्यांच्यासमोर मांडू नका. ते मुलाच्या वयाचे होते तेव्हा गाव कधी सोडलं, कुणाकडे उतरले, पहिल्या पगारात काय केलं, ते विचारा. मुलगा तिथेच बसलेला असू दे.